कीवर्डचा नोड कोणासाठी?

सी भाषेत एखाद्या छोट्या भाषेचा लेक्सर लिहायला घेतला, की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न उभा राहतो. मजकुरातून आत्ता वाचलेला शब्द हा भाषेचा राखीव शब्द, म्हणजे कीवर्ड आहे, की प्रोग्रामरने स्वतः ठेवलेले नाव आहे? उत्तर झटपट मिळावे म्हणून कीवर्ड हॅश टेबलमध्ये ठेवायचे आणि एकाच बकेटमध्ये आलेले शब्द लिंक्ड लिस्टने एकमेकांना जोडायचे, ही रीत फार जुनी आहे. १९५३च्या जानेवारीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात नेमकी हीच मांडणी सुचवली होती. रीत जुनी असली, तरी त्या लिस्टच्या एका नोडमध्ये काय काय असावे यावर आजही दोन मते आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. त्यातले पहिले मत इथे पूर्वपक्ष म्हणून येईल. उत्तर माझे आहे. पूर्वपक्ष मुद्दाम लंगडा करून मांडायचा नाही, एवढे पथ्य पाळले आहे.

पूर्वपक्ष : खरं सांगायचं तर नोडची व्याख्या हा वादाचा विषयच नाही. एक स्ट्रक्चर घ्या. त्यात वीस अक्षरांचा कॅरॅक्टर ॲरे आणि पुढच्या नोडकडे जाणारा पॉइंटर ठेवा. अशा पॉइंटरांचा शंभर-सव्वाशे जागांचा ॲरे म्हणजे तुमचं टेबल. १९८९च्या ॲन्सी मानकात सीचे कीवर्ड होते ३२, आणि त्यातला सगळ्यांत लांब शब्द ८ अक्षरांचा. वीस जागा धरल्या तरी निम्म्याहून जास्त रिकाम्या राहतात. शब्द आला, हॅश काढला, बकेट उघडलं, स्ट्रिंग तुलना केली, सापडला तर कीवर्ड, नाही तर नाही. दोन मेंबरांत काम होत असताना तिसरा, चौथा, पाचवा मेंबर घालायचा हव्यास का? सी ही काटकसरीची भाषा आहे. जे लागत नाही ते स्ट्रक्चरमध्ये ठेवू नये, हे तुम्हीही मान्य कराल.

उत्तर : मान्य आहे, आणि त्याच कसोटीवर तुमचा नोड तपासू. जे लागतं ते त्यात आहे का? समजा मजकुरात ‘व्हाइल’ हा शब्द आला. तुमच्या टेबलने उत्तर दिलं, ‘हो, हा कीवर्ड आहे.’ पण कुठला? पार्सरला ‘कुठला तरी कीवर्ड’ या माहितीचा काडीचाही उपयोग नाही. त्याला लूप सुरू करायचा आहे, की फंक्शनमधून परतायचं आहे, की नवीन व्हेरिएबल नोंदवायचं आहे, हे कळायला हवं. म्हणजे टेबलने होकार दिल्यावर तो पुन्हा एकदा शब्दाची तुलना ‘इफ’शी करणार, मग ‘फॉर’शी, मग ‘व्हाइल’शी. जी रांग टाळण्यासाठी हॅशिंग आणलं, तीच रांग मागच्या दाराने परत आली. नोडमध्ये टोकन क्रमांक हवा, म्हणजे पार्सर त्या आकड्यावर थेट स्विच करू शकतो. दोन मेंबरांच्या नोडमध्ये बचत झालेली नाही, उत्तराचा अर्धा भाग गळालेला आहे. इथे एक तांत्रिक गोष्टही उरकून घेतो, कारण नवशिक्यांचं घोडं पहिल्यांदा तिथेच अडतं. स्ट्रक्चरच्या आत त्याच प्रकारचं स्ट्रक्चर ठेवता येत नाही, कारण तोवर त्याचा आकार ठरलेला नसतो. पॉइंटर मात्र ठेवता येतो, कारण पॉइंटरचा आकार ठाऊक असतो. टाइपडेफ वापरून स्ट्रक्चरला निनावी ठेवलं आणि आत ते टाइपडेफचं नाव वापरलं, तर कंपायलर नकार देतो, कारण ते नाव व्याख्या संपल्यावर जन्माला येतं. म्हणून स्ट्रक्ट या शब्दापुढे टॅग लिहायचा आणि आतल्या पॉइंटरसाठी तोच टॅग वापरायचा.

पूर्वपक्ष : ठीक, टोकन क्रमांक घाला. तीन मेंबर झाले. वाद इथे मिटायला हरकत नाही.

उत्तर : इथे तो खरा सुरू होतो. हा नोड कोणासाठी बांधायचा, हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही धरून चालला आहात की कीवर्डच्या टेबलला कीवर्डच विचारले जातात. एक साधी ओळ बघा. फॉर लूप आहे. त्यात आय शून्यापासून सुरू होतो, काउंटपेक्षा लहान आहे तोवर एकेकाने वाढतो, आणि दर वेळी टोटलमध्ये प्राइस या ॲरेचा आय क्रमांकाचा घटक मिळवला जातो. सीमध्ये ही ओळ लिहिली की लेक्सरच्या हाती क्रमाने हे शब्द येतात : फॉर, आय, आय, काउंट, आय, टोटल, प्राइस, आय. आठ शब्द, त्यांतला एकच कीवर्ड. बाकी सात वेळा तुमच्या टेबलने ‘नाही’ म्हणायचं. आणि ‘नाही’ म्हणून काम संपत नाही. काउंट हे नाव आधी आलं होतं का, त्याचा प्रकार काय, ते कुठल्या ब्लॉकमधलं, हे शोधायला लेक्सर किंवा पार्सर नावांच्या दुसऱ्या टेबलकडे जाणारच. तिथे त्याच अक्षरांचा हॅश नव्याने काढायचा, नवीन बकेट उघडायचं, पुन्हा तुलना करायची. एकाच शब्दाची दोन दारांवर झडती, आणि पहिल्या दारावर बहुतेक वेळा नकारच. माझं म्हणणं असं, की कीवर्डचं वेगळं टेबल नकोच. नावांचं जे टेबल तुम्हाला तसंही बांधायचं आहे, त्यात प्रोग्राम सुरू होताच सगळे कीवर्ड सर्वांत आधी घालून ठेवा. त्यानंतर कुठलाही शब्द आला तरी शोध एकदाच. सापडलेल्या नोडमधला टोकन क्रमांकच सांगेल, हा कीवर्ड की नाव. म्हणून नोड कीवर्डच्या मापाने बेतायचा नाही, येणाऱ्या कुठल्याही शब्दाच्या मापाने बेतायचा.

पूर्वपक्ष : हे ऐकायला बरं वाटतं, पण खुद्द भाषेच्या कर्त्यांनी असं केलेलं नाही. कर्निघन आणि रिची यांच्या पुस्तकाचं सहावं प्रकरण उघडा. तिथे कीवर्ड वेगळे आहेत. वर्णक्रमाने लावलेला ॲरे आहे, त्यातल्या प्रत्येक घटकात शब्द आणि त्याची मोजणी आहे, आणि शोध बायनरी सर्चने होतो. लिंक्ड लिस्ट नाही, हॅश नाही. ३२ शब्दांत बायनरी सर्चला जास्तीत जास्त सहा तुलना लागतात. त्याच प्रकरणात पुढे हॅश टेबल येतं, ते डिफाइनने ठरवलेल्या मॅक्रोंच्या नावांसाठी. म्हणजे त्यांनीही दोन कामं वेगळीच ठेवली.

उत्तर : उदाहरण अगदी योग्य आहे, फक्त तो प्रोग्राम काय करतो ते नीट बघा. तो मजकुरातले कीवर्ड मोजतो. कीवर्ड नसलेला शब्द आला की तो टाकून देतो, त्याच्याबद्दल पुढे कोणी काही विचारत नाही. तिथे नावांचं टेबलच नाही, त्यामुळे दुसऱ्या शोधाचा खर्चही नाही. शब्दांचा संच आधीपासून ठरलेला, कधी न वाढणारा. अशा कामाला ॲरे आणि बायनरी सर्च हेच योग्य, मीही तेच निवडेन. मॅक्रोंच्या टेबलात मात्र नावं प्रोग्राम चालू असताना येतात, किती येतील ठाऊक नसतं, म्हणून तिथे ते लिंक्ड लिस्टच्या नोडकडे वळतात. त्या नोडमध्ये तीन पॉइंटर आहेत : पुढचा नोड, नाव, आणि नावाच्या जागी घालायचा मजकूर. टेबलचा आकार १०१, आणि तो कायम तेवढाच. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीतलं हॅश फंक्शन आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून त्यात पुढचं अक्षर मिळवत जातं. १९७८च्या पहिल्या आवृत्तीत मात्र नुसती अक्षरांच्या आकड्यांची बेरीज होती, आणि ती कशी फसते हे सीच्या कीवर्डमध्येच दिसतं. ‘गोटू’ या कीवर्डची चार अक्षरं आस्की संकेतात १०३, १११, ११६ आणि १११, बेरीज ४४१. ‘ऑटो’ची ९७, ११७, ११६ आणि १११, बेरीज पुन्हा ४४१. टेबल शंभराचं करा की दहा हजारांचं, हे दोघे कायम एकाच बकेटमध्ये. तेच ३१ ने गुणत गेलं आणि १०१ ने भागून बाकी घेतली, तर ‘गोटू’ ७८ क्रमांकाच्या बकेटमध्ये जातो आणि ‘ऑटो’ १० क्रमांकाच्या. दोन्ही शब्दांचा शेवट ‘टी’ आणि ‘ओ’ असा सारखाच असूनही ते वेगळे होतात, कारण आता अक्षराच्या जागेलाही किंमत आली.

पूर्वपक्ष : टक्करींचाच प्रश्न असेल तर त्यावर कायमचा इलाज आहे. कीवर्ड आधीच ठाऊक आहेत ना? मग त्यांच्यासाठी टक्कर होणारच नाही असं हॅश फंक्शन शोधून काढा. जीपर्फ हे ग्नूचं साधन हेच करतं. शब्दांची यादी द्या, ते तुम्हाला सीचा कोड लिहून देतं. एक हॅश, एक तुलना, विषय संपला. जीसीसीसारख्या कंपायलरनेही एके काळी सीचे कीवर्ड जीपर्फनेच ओळखले. तिथे लिंक्ड लिस्ट लागत नाही, तर नोडची व्याख्या कशाला करायची?

उत्तर : जीपर्फ हे डग्लस श्मिट यांचं फार सुंदर साधन आहे, आणि ते जे साधतं ते योगायोगाने साधत नाही. चांगलं पण सर्वसाधारण हॅश फंक्शन घेऊन ३२ शब्द १०१ बकेटांत टाकले, तर एकही टक्कर न होण्याची शक्यता हजारात चारच्या आसपास आहे; सरासरी पाचेक जोड्या तरी एकमेकींवर आदळतात. त्यामुळे शून्य टक्कर हवी असेल तर फंक्शन मुद्दाम शोधावं लागतं, आणि ते शोधून देणं हे मोठं काम आहे. ज्या उपकरणाच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये रॅम मोजकी आहे, आज्ञा दहा-वीस आहेत आणि न ओळखलेला शब्द म्हणजे सरळ चूक, तिथे जीपर्फच वापरावं. टेबल रॉममध्ये बसतं, सुरुवातीला काही भरावं लागत नाही. तिथे माझा नोड मी बाजूला ठेवतो. पण कंपायलरमध्ये जीपर्फ ज्या प्रश्नाचं उत्तर इतकं जलद देतं, तो प्रश्न मघाच्या ओळीत आठ शब्दांमागे एकदाच ‘हो’ला पोचला. बाकीच्या शब्दांना नावांच्या टेबलात जावं लागतंच. जीसीसीने पुढे जीपर्फ सोडलं आणि नावाच्या नोडवरच ‘हा राखीव शब्द आहे’ अशी खूण ठेवायला सुरुवात केली. क्लँगमध्येही तेच आहे : कीवर्ड नावांच्याच टेबलात आधी भरले जातात आणि प्रत्येक नावाच्या नोंदीत टोकनचा प्रकार लिहिलेला असतो.

या मांडणीचं सगळ्यांत बोलकं रूप दोन लहान प्रकल्पांत दिसतं, आणि दोन्ही सीमध्येच लिहिलेले आहेत. पहिला फाब्रिस बेलार्ड यांचा टायनी सी कंपायलर. त्यातल्या शब्दाच्या नोडमध्ये आधी त्याच बकेटमधल्या पुढच्या नोडचा पॉइंटर येतो, मग त्या नावाच्या वेगवेगळ्या अर्थांकडे नेणारे पॉइंटर, म्हणजे मॅक्रो, लेबल, स्ट्रक्चर आणि साधं नाव. मग टोकन क्रमांक, मग लांबी, आणि शेवटी खुद्द अक्षरं. कंपायलर सुरू होताच कीवर्ड ओळीने या टेबलात घातले जातात, त्यामुळे त्यांना सुरुवातीचे टोकन क्रमांक मिळतात. नंतर येणाऱ्या नावांना पुढचे. मग एखादा शब्द कीवर्ड आहे का, हे ठरवायला स्ट्रिंग तुलनेची गरज उरत नाही. टोकन क्रमांक एका ठरावीक मर्यादेच्या खाली आहे की वर, एवढंच बघायचं. दुसरा प्रकल्प लुआ, ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली भाषा. तिच्या ५.४ आवृत्तीत २२ राखीव शब्द आहेत. लेक्सर सुरू होताना हे २२ शब्द साध्या स्ट्रिंग म्हणून तयार होतात, आणि प्रत्येक स्ट्रिंगच्या शीर्षकात असलेल्या एका बाइटमध्ये त्याचा राखीव क्रमांक लिहिला जातो. ज्या स्ट्रिंगमध्ये तो बाइट शून्य, ती साधी. त्या शीर्षकात हॅश साठवलेला असतो, लांबी असते, बकेटमधल्या पुढच्या स्ट्रिंगचा पॉइंटर असतो. म्हणजे कीवर्ड ओळखायला लुआने वेगळं टेबल बांधलंच नाही; असलेल्या नोडमध्ये एक बाइट पुरला.

पूर्वपक्ष : तुम्ही स्वतःच जीसीसी आणि क्लँगचं नाव घेतलंत, आता मीही घेतो. या दोन्हींनी लिंक्ड लिस्ट टाकून दिली आहे. त्यांच्या हॅश टेबलात टक्कर झाली की त्याच ॲरेत पुढची जागा शोधतात. कारण आजच्या प्रोसेसरला लिस्टमधून एका पॉइंटरवरून दुसऱ्यावर उड्या मारणं महाग पडतं. कॅश लाइन ६४ बाइटची असते. नोड मेमरीत इकडेतिकडे विखुरलेले असले की प्रत्येक उडीला नवीन कॅश लाइन आणावी लागते. १९५३ची रीत २०२० नंतर का जपायची?

उत्तर : हा तुमचा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे. मोठ्या टेबलात, लाखो नावं येत असताना, ॲरेतच जागा शोधणं वेगवान ठरतं, यात शंका नाही. पण त्या दोन कंपायलरांच्या ॲरेत काय ठेवलं आहे ते बघा. खुद्द नोंदी तिथे नाहीत. त्या वेगळ्या जागी बनवलेल्या आहेत आणि ॲरेत त्यांचे पॉइंटर आहेत. असं का? कारण टेबल भरलं की मोठं करावं लागतं, आणि सगळं नव्या जागी हलवावं लागतं. नोंदीच ॲरेत असत्या, तर त्या हलल्या असत्या आणि पार्सरने धरून ठेवलेला प्रत्येक पॉइंटर खोटा पडला असता. नोंद जागेवर स्थिर राहते, म्हणूनच ‘ही दोन नावं एकच आहेत का’ हा प्रश्न दोन पत्त्यांची तुलना करून सुटतो, अक्षरं पुन्हा वाचावी लागत नाहीत. म्हणजे शब्दासाठी स्वतंत्र, स्थिर नोड तिथेही आहे. जीसीसीच्या त्या नोंदीत अक्षरांचा पॉइंटर, लांबी आणि हॅश आहे. फक्त पुढच्या नोडचा पॉइंटर तेवढा गेला. नोडमध्ये काय असावं या प्रश्नाचं माझं उत्तर त्यातून पक्कंच होतं. लिंक ठेवायची की नाही, हा त्यानंतरचा आणि तुलनेने लहान निर्णय. आणि काही हजार नावांच्या प्रोग्रामला, बकेटामागे सरासरी एखादाच नोड पडेल एवढं टेबल असेल, तर लिस्टमध्ये उड्या अशा किती मारायच्या? पहिलाच नोड बहुधा हवा तो असतो.

पूर्वपक्ष : पण हॅश नोडमध्ये साठवायचा कशाला? तो हवा तेव्हा काढता येतो. कर्निघन-रिचींनी साठवला नाही, टायनी सी कंपायलरही साठवत नाही. मेमरीची उधळपट्टी ती हीच.

उत्तर : त्या दोघांनी साठवला नाही, कारण त्यांचं टेबल कधी वाढत नाही. लुआचं टेबल वाढतं, म्हणून ती साठवते. टेबल दुप्पट करताना प्रत्येक नोड नव्या बकेटमध्ये न्यावा लागतो. हॅश हाताशी असेल तर एक भागाकार पुरतो, नसेल तर प्रत्येक शब्दाची सगळी अक्षरं पुन्हा चाळावी लागतात. शिवाय बकेटमध्ये चुकीचा नोड भेटला, तर बहुतेक वेळा हॅशचे दोन आकडे जुळत नाहीत एवढ्यावरच तो बाजूला होतो, अक्षरांपर्यंत जावं लागत नाही. आता खर्च मोजू. ६४ बिटच्या मशीनवर पुढचा पॉइंटर ८ बाइट, शब्दाचा पॉइंटर ८ बाइट, टोकनचा इंट ४ बाइट. बेरीज २०. पण कंपायलर या स्ट्रक्चरला २० बाइट देत नाही, २४ देतो, कारण ॲरेत ठेवल्यावर प्रत्येक नोडचा पॉइंटर आठाच्या पटीतल्या पत्त्यावर यायला हवा. शेवटचे ४ बाइट पॅडिंग म्हणून रिकामेच पडून राहतात. ३२ बिटचा हॅश नेमका त्या चार बाइटांत बसतो. म्हणजे तुम्ही ज्याला उधळपट्टी म्हणता, तिचा खर्च शून्य. मेंबरांचा क्रम मात्र जपायचा. आधी टोकन, मग पुढचा पॉइंटर, मग हॅश, मग शब्दाचा पॉइंटर असं लिहिलं, तर दोन्ही आकड्यांमागे चार-चार बाइटांची फट पडते आणि तोच नोड ३२ बाइटांचा होतो. मोठे मेंबर वर, लहान खाली, एवढी एक सवय लावून घ्यायची.

पूर्वपक्ष : बरं, शब्दाचा पॉइंटर म्हणालात. माझ्या वीस अक्षरांच्या ॲरेत काय वाईट आहे? नोड एकदा मागितला की शब्दाची जागा त्यातच मिळते. पॉइंटर ठेवला की शब्दासाठी वेगळी मेमरी मागा, ती वेगळी सोडा, आणि विसरलात की गळती.

उत्तर : पॉइंटरमध्ये धोका आहे, हे तुमचं म्हणणं मी कमी लेखत नाही. नवशिक्यांच्या हातून होणारी सर्वांत सर्रास चूक तिथलीच असते. फाइलमधून शब्द एका बफरमध्ये वाचायचा, आणि नोडच्या पॉइंटरला त्या बफरचाच पत्ता द्यायचा. पुढचा शब्द वाचला की बफरमधला मजकूर बदलतो, आणि सगळे नोड एकाच जागेकडे बोट दाखवत असल्यामुळे सगळ्यांत शेवटचाच शब्द दिसतो. छापून बघितलं तर ‘व्हाइल, व्हाइल, व्हाइल’ अशी माळ. हॅशिंग चुकलं असं समजून विद्यार्थी तासन्‌तास त्या फंक्शनमागे लागतात, आणि दोष असतो मालकीचा : नोडने शब्द स्वतःचा केलेलाच नसतो. तुमचा ॲरे ही चूक टाळतो, हे खरं. पण तो दुसरी चूक घेऊन येतो. कीवर्डला वीस बाइट पुरतात. नावांना पुरतीलच याची हमी कोण देणार? आणि शब्द मराठी असला तर? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा, हलन्त यांची गणना वेगळी होते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट, शिवाय शेवटचा शून्य. वीसच्या ॲरेत हा शब्द साध्या कॉपीने टाकला, की तो पुढच्या पॉइंटरवर सांडलाच. मराठी शब्दकोश, मराठी शब्दांची वारंवारता, मराठी आज्ञा समजणारा एखादा छोटा इंटरप्रिटर, असं काहीही सीमध्ये करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. सोबत आणखी एक गोष्ट : देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो. कॅर हा प्रकार जिथे चिन्हांकित आहे, आणि नेहमीच्या डेस्कटॉप मशीनवर तो असतो, तिथे ही मूल्यं ऋण होतात. हॅशचा व्हेरिएबलही साधा इंट ठेवला, तर बाकी ऋण येऊ शकते आणि टेबलच्या आधीची मेमरी वाचली जाते. इंग्रजी कीवर्डवर तपासलेला प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि पहिल्या मराठी शब्दावर कोसळतो. बाइट अनसाइन्ड म्हणून वाचा, हॅश अनसाइन्ड ठेवा.

आता तुमच्या ॲरेची सोय आणि पॉइंटरचं स्वातंत्र्य, दोन्ही एकत्र हवं असेल तर सीमध्ये तोडगा आहे, आणि तो १९९९च्या मानकापासून अधिकृत आहे. स्ट्रक्चरचा शेवटचा मेंबर म्हणून आकार न दिलेला कॅरॅक्टर ॲरे ठेवायचा. नोड मागताना स्ट्रक्चरच्या आकारात शब्दाची लांबी आणि शेवटच्या शून्यासाठी एक, एवढे बाइट मिळवून मागायचे. टायनी सी कंपायलर हेच काम जुन्या पद्धतीने, शेवटी एका अक्षराचा ॲरे ठेवून करतो. या मांडणीत पुढचा पॉइंटर ८, हॅश ४, टोकन २, लांबी २, असे १६ बाइट होतात आणि त्यांना लागूनच अक्षरं सुरू होतात. लिनक्सवरच्या जीलिबसीचा मॅलॉक ६४ बिटच्या मशीनवर सर्वांत लहान तुकडा ३२ बाइटांचा देतो, त्यातले २४ आपल्या वापराचे. १६ वजा जाता ८ उरतात, म्हणजे सात अक्षरं आणि शून्य. सीच्या ३२ कीवर्डपैकी ‘कंटिन्यू’, ‘रजिस्टर’, ‘अनसाइन्ड’ आणि ‘व्होलाटाइल’ हे चार सोडले, तर उरलेले २८ या एका तुकड्यात मावतात. शब्दाचा पॉइंटर ठेवून जागा वेगळी मागितली असती तर तसे दोन तुकडे, म्हणजे ६४ बाइट गेले असते. शिवाय एकदा मागायचं, एकदा सोडायचं. गळतीची तुमची भीतीही निम्मी होते. आणि शब्द सापडल्यावर त्याची अक्षरं तपासायला दुसरीकडे उडी मारावी लागत नाही, ती बहुधा त्याच कॅश लाइनमध्ये असतात. तुमच्या मघाच्या आक्षेपालाही यात थोडंसं उत्तर आहे.

पूर्वपक्ष : एक शेवटचं. तुमचा नोड कंपायलर लिहिणाऱ्यांसाठी ठीक आहे. पण हा विषय बहुतेकांना भेटतो तो इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये. त्या मुलाला लिंक्ड लिस्ट आणि हॅशिंग एकदाच शिकायचं असतं. त्याच्यापुढे शेवटचा बिनआकाराचा ॲरे, पॅडिंग, टोकन क्रमांक असं सगळं ओतलं, तर तो मूळ कल्पनाच विसरेल. शिकवताना साधेपणाला किंमत असते, आणि ती तुम्ही मोजत नाही.

उत्तर : ती मी मोजतो, म्हणूनच पॅडिंग आणि बिनआकाराचा ॲरे दुसऱ्या आठवड्यावर ढकलायला माझी हरकत नाही. पण टोकन क्रमांक आणि शब्दाची मालकी यांना मी सोपेपणाच्या नावाखाली सोडणार नाही, कारण त्या बाजूच्या गोष्टी नाहीत. विद्यार्थ्याला स्ट्रक्चर कसं लिहायचं एवढंच शिकवलं, तर तो टेबल भरतो, छापून दाखवतो आणि गुण घेतो. शोधून मिळालेल्या उत्तराचं पुढे काय होतं, हे त्याला कधी दिसत नाही. त्यामुळे त्याचा नोड कायम दोन मेंबरांचा राहतो आणि हॅशिंग म्हणजे टेबल सुंदर दिसावं म्हणून करायची कसरत, असा त्याचा समज होतो. नोडची व्याख्या शोधाच्या बाजूने लिहायला हवी : आधी विचारायचं की कोण, कशासाठी शोधणार आहे आणि उत्तर मिळाल्यावर काय करणार आहे, मग मेंबर ठरवायचे. हे सांगायला एक तासही लागत नाही. म्हणून प्रॅक्टिकलचे प्रश्न काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘दिलेले कीवर्ड लिंक्ड लिस्ट वापरून हॅश टेबलमध्ये साठवा’ या नेहमीच्या प्रश्नाखाली आणखी दोन ओळी घाला. एक : दिलेल्या फाइलमधला प्रत्येक शब्द त्याच टेबलात शोधा, आणि कीवर्ड असेल तर त्याचा क्रमांक, नसेल तर ते नाव पहिल्यांदा कुठल्या ओळीत आलं, ते छापा. दोन : फाइलमध्ये किमान एक शब्द देवनागरीत असावा.